आधी तळ, मग पट: घातांकी आलेखावरून समीकरण कसं काढायचं

आलेखाच्या कागदावर एक वक्र आहे. डावीकडे तो आडव्या अक्षाला चिकटून जवळजवळ झोपलाय, मग हळूच मान वर काढतो आणि बघता बघता कागद सोडून निघून जातो. खाली एवढंच लिहिलंय: ‘या घातांकी फलनाचं समीकरण शोधा.’

अकरावी-बारावीच्या मुलांची इथे पंचाईत होते, कारण तोवरची सवय उलट्या दिशेची असते. समीकरण दिलेलं असतं, क्ष च्या किमती घालायच्या, य काढायचा, बिंदू मांडून जोडायचे. आता बिंदू समोर आहेत आणि समीकरणाचाच पत्ता नाही. हा प्रश्न परीक्षेपुरताही नाही. रक्तातलं औषध किती तासांत निम्मं होतं, लोकसंख्या किती वर्षांत दुप्पट होते, किरणोत्सारी पदार्थ किती दिवसांत ओसरतो, या सगळ्यांत हाती आधी मोजमापं येतात, म्हणजेच आलेख येतो. समीकरण त्यातून मागाहून उकलावं लागतं.

साचा मात्र ठरलेला आहे:

य = अ × प^क्ष + त

(^ ही खूण घाताची, प^३ म्हणजे प × प × प.) अक्षरं मी सोयीने निवडली आहेत. त म्हणजे तळ: वक्र ज्या आडव्या रेषेला टेकायला बघतो पण कधीच टेकत नाही, ती पातळी. पुस्तकात तिला अनंतस्पर्शी रेषा म्हणतात. अ म्हणजे आरंभ: क्ष शून्य असताना वक्र तळापासून किती उंचीवर आहे ते. आणि प म्हणजे पट: क्ष एकाने वाढला की ती उंची किती पट होते. प एकापेक्षा मोठा असेल तर वक्र चढतो, शून्य आणि एकच्या मधला असेल तर उतरतो. ऋण प चालत नाही, कारण मग क्ष = १/२ घातला की ऋण संख्येचं वर्गमूळ काढायची वेळ येते. या तीन न कळलेल्या संख्यांना गणितात प्राचल म्हणतात. प्राचल तीन, म्हणून आलेखातून माहितीही तीन वेगवेगळ्या गोष्टींची हवी. दोन बिंदूंवर तिन्ही मिळतील अशी आशा धरू नये.

सगळ्यात सोपी स्थिती म्हणजे तळ शून्य असणं, वक्र थेट क्ष-अक्षालाच टेकायला बघत असणं. मग दोनच प्राचल उरतात आणि दोन बिंदू पुरतात. समजा वक्र (२, १२) आणि (५, ९६) मधून जातो. क्ष २ वरून ५ वर गेला, म्हणजे तीन पावलं पडली. तेवढ्यात य १२ चा ९६ झाला, म्हणजे ८ पट. तीन पावलांत ८ पट, तर एका पावलात २ पट, कारण २ × २ × २ = ८. प = २ मिळाला. आता २ च्या खुणेवरून मागे शून्यापर्यंत दोन पावलं जायचं, दर पावलाला निम्मं करत: १२, ६, ३. म्हणून अ = ३, आणि समीकरण य = ३ × २^क्ष.

यात काय केलं ते नीट बघा. वजाबाकी केली ती फक्त क्ष ची. य चा भागाकार केला. घातांकी फलनाचा सगळा स्वभाव या एका वाक्यात आहे: आडवं अंतर सारखं असेल तर उभी पट सारखी असते. सरळ रेषेत समान पावलांना समान भर पडते, इथे समान पावलांना समान पट होते. पुष्कळ मुलं सवयीने (९६ − १२) ÷ ३ करून २८ काढतात आणि मग त्या २८ चं काय करायचं ते कळत नाही. काहीच करायचं नसतं. तो चढ सरळ रेषेच्या जगातला आहे.

परीक्षेतल्या आलेखात पट २, ३ किंवा अर्धा अशी गोड येते. खऱ्या आकड्यांत येत नाही. तिथे मूळ काढावं लागतं: पाच पावलांत ४ पट झाली असेल तर प म्हणजे ४ चं पाचवं मूळ, सुमारे १.३२. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आडवा केला की हे बटण सापडतं. आधीच्या पिढीने हेच काम लॉग टेबलावर केलं.

पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, जो परीक्षेत कधीच विचारला जात नाही: हा वक्र घातांकी आहे हे कशावरून? ‘वर वळणारी रेषा दिसली की घातांकी’ असं वर्तमानपत्रांपासून दूरचित्रवाणीपर्यंत सगळे धरून चालतात. वर्गाचा आलेखही वर वळतो, घनाचाही वळतो. डोळ्यांना फरक कळत नाही. कळतो तो पटींना.

भारताच्या जनगणनेचे आकडे घ्या. दर दहा वर्षांनी मोजणी, म्हणजे आडवी पावलं आपोआप सारखी. कोटींत लिहायचं तर १९५१ ला ३६.१, १९६१ ला ४३.९, १९७१ ला ५४.८, १९८१ ला ६८.३, १९९१ ला ८४.६, २००१ ला १०२.९ आणि २०११ ला १२१.१. आलेख काढला तर छान वर वळणारा वक्र मिळतो आणि कोणीही त्याला घातांकी म्हणून मोकळा होईल. आता शेजारशेजारच्या आकड्यांचा भागाकार करा. पटी येतात अशा: १.२२, १.२५, १.२५, १.२४, १.२२, १.१८.

मधल्या तीन पटी जवळजवळ एकच आहेत. १९६१ ते १९९१ ही तीस वर्षं लोकसंख्या खरोखर घातांकी वाढली असं म्हणता येतं. त्या तुकड्यासाठी समीकरण काढू. तळ शून्य धरायला इथे कारण आहे: माणसंच नसतील तर नवी माणसं जन्मणार नाहीत, वाढ असलेल्या माणसांच्या प्रमाणात होते. आरंभ १९६१ ला ठेवला की अ = ४३.९. तीस वर्षांत पट ८४.६ ÷ ४३.९, म्हणजे १.९२७. दशकाची पट हवी तर तिचं घनमूळ, १.२४४. वर्षाची हवी तर तिसावं मूळ, सुमारे १.०२२, म्हणजे वर्षाला २.२ टक्के. समीकरण झालं: य = ४३.९ × १.२४४^क्ष, क्ष दशकांत.

आता जे दोन बिंदू आपण वापरलेच नाहीत, त्यांच्यावर समीकरण तपासायचं. क्ष = १ घातलं की ५४.६ येतं, जनगणना सांगते ५४.८. क्ष = २ ला ६८.०, जनगणना सांगते ६८.३. झकास. ही तपासणी वाटते त्याहून महत्त्वाची आहे, कारण दोन बिंदूंतून घातांकी वक्र कायमच काढता येतो (य दोन्हीकडे धन असला की झालं). तो बसला यात विशेष काही नाही. न वापरलेला तिसरा बिंदू त्यावर आला तरच समीकरणाला काही किंमत.

आणि पुढे? क्ष = ५ घातलं, म्हणजे २०११, तर समीकरण १३१ कोटी सांगतं. प्रत्यक्षात १२१.१ निघाले. फरक १० कोटींचा, म्हणजे २०११ च्या अख्ख्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येपेक्षा थोडासाच कमी; महाराष्ट्र तेव्हा ११.२४ कोटी होता. गणित चुकलं नव्हतं. जननदर घटत गेला, पट सारखी राहिली नाही, आणि पट सारखी राहिली नाही की घातांकी साचा लागू पडत नाही. शेवटच्या दोन दशकांतली भर बघितली तर १८.३ कोटी आणि १८.२ कोटी अशी आहे, म्हणजे तो तुकडा सरळ रेषेच्या जवळचा. नुसत्या आलेखाकडे बघून हे ओळखता येत नाही. भागाकार केला की दोन मिनिटांत दिसतं.

आता खरा त्रास देणाऱ्या प्राचलाकडे येऊ, तळाकडे.

उकळून खाली उतरवलेलं, झाकण ठेवलेलं पाण्याचं पातेलं घ्या. तापमान मोजत राहिलं तर समजा असं आलं: सुरुवातीला ९४ अंश, १० मिनिटांनी ७८, २० मिनिटांनी ६६, ३० मिनिटांनी ५७. वर शिकलो त्याप्रमाणे पटी काढू: ७८ ÷ ९४ = ०.८३०, ६६ ÷ ७८ = ०.८४६, ५७ ÷ ६६ = ०.८६४. सारख्या नाहीत. मग हे घातांकी नाही का?

आहे. पण पाणी शून्य अंशाकडे निघालेलं नाही, खोलीच्या तापमानाकडे निघालंय. न्यूटनने १७०१ मध्ये निनावी छापलेल्या एका निबंधात मांडलेला निवण्याचा नियम हेच सांगतो: वस्तू किती वेगाने निवते ते तिच्या तापमानावर ठरत नाही, ती भोवतालापेक्षा किती जास्त गरम आहे त्यावर ठरतं. पट जी सारखी असते ती तळापासूनच्या उंचीची. अक्षापासूनच्या उंचीची नव्हे. खोली ३० अंशांवर असेल तर उंच्या होतात ६४, ४८, ३६, २७. आता भागाकार करा: ०.७५, ०.७५, ०.७५. समीकरण: य = ६४ × ०.७५^क्ष + ३०, क्ष दहा-दहा मिनिटांच्या पावलांत.

माझ्या मते या विषयात होणाऱ्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक इथल्या आहेत. आलेख उचलला, दोन बिंदू घेतले, भागाकार केला, तळ विचारलाच नाही. उतरणाऱ्या वक्राच्या पटी हळूहळू एकच्या दिशेने सरकत असतील, वरच्या ०.८३, ०.८५, ०.८६ सारख्या, तर समजावं की तळ शून्याच्या वर कुठेतरी आहे आणि आपण तो वजा करायला विसरलोय.

तळ आलेखावर स्पष्ट दिसत असेल, तुटक रेषेने दाखवला असेल, तर प्रश्नच मिटला. सगळ्या य मधून तो वजा करायचा आणि उरलेलं काम दोन बिंदूंचं. दिसत नसेल तर समान अंतरावरचे तीन बिंदू लागतात, आणि त्यांतून तळ काढायची युक्ती सुरेख आहे. वजाबाकी करा: पहिली घट ९४ − ७८ = १६, दुसरी ७८ − ६६ = १२. घटींची पट १२ ÷ १६ = ०.७५. वजाबाकीत तळ आपोआप उडून जातो (दोन्हीकडे तोच असतो ना), म्हणून तळ माहीत नसतानाही ही पट खरी निघते. आता पुढच्या घटी सांगता येतात: ९, मग ६.७५, मग त्याच्या पाऊणपट, असं कायम. ही भूमितीय श्रेढी झाली आणि तिची अनंतापर्यंतची बेरीज म्हणजे पहिलं पद भागिले (१ − पट): १६ ÷ ०.२५ = ६४. एकूण घट ६४ होणार, म्हणजे अ = ६४. ती ९४ मधून वजा केली की तळ, ३०. थर्मामीटर खोलीत न लावताच खोलीचं तापमान सापडलं.

वाचायला हे जादूसारखं आहे, आणि म्हणूनच इथे थोडं थांबून घाबरायला हवं.

समजा आलेखावरून मधला बिंदू वाचताना एका अंशाची चूक झाली आणि ७८ ऐवजी ७९ वाचलं. आलेखाच्या कागदावर एक अंश म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचीही गोष्ट असू शकते. घटी झाल्या १५ आणि १३, पट ०.८६७, एकूण घट ११२.५, आणि तळ निघाला उणे १८.५ अंश. खोली एकदम बर्फाच्या कारखान्यातली झाली. उलट ७७ वाचलं असतं तर घटी १७ आणि ११, आणि तळ ४५.८. एका अंशाच्या चुकीने उत्तर उणे १८ पासून ४६ पर्यंत कुठेही भरकटतं. रीत चुकीची नाही, आपण बिंदू चुकीचे निवडले. तिन्ही बिंदू वक्राच्या त्या भागातले आहेत जिथे तो अजून पुरेसा वळलेलाच नाही. तो कुठे टेकणार याची खबर त्या तुकड्यात फार क्षीण आहे.

तेच बिंदू लांब-लांब घ्या: ०, ३० आणि ६० मिनिटं. तापमानं ९४, ५७ आणि ४१.४. घटी ३७ आणि १५.६, तळ ३०. आता इथे मुद्दाम ५७ चे ५८ करून बघा. घटी ३६ आणि १६.६, पट ०.४६१, एकूण घट ६६.८, तळ २७.२. चूक तेवढीच, एका अंशाची, पण तळ तीन अंशांच्या आत राहिला. पहिल्या खेपेला तो जवळजवळ पन्नास अंश घसरला होता. म्हणून तीन बिंदू निवडताना एक सुरुवातीचा, एक शक्य तितका शेवटचा, आणि एक बरोबर मधला. वक्र जिथे अक्षरशः आडवा झालाय तो भाग तळासाठी सोन्याचा आहे, पण पट काढायला निकामी: तिथे उंची एवढीशी उरते की वाचनातली चूक तिलाच गिळते.

आणि शक्य असेल तिथे तळ आलेखाला विचारूच नका, परिस्थितीला विचारा. खोलीत थर्मामीटर लावा. लोकसंख्येसाठी तळ शून्य धरा. हा आळस समजू नये. एक प्राचल बाहेरून पक्का कळला की उरलेल्या दोघांवरचा भरवसा कितीतरी वाढतो.

किरणोत्साराच्या मोजणीत हीच गोष्ट रोजच्या कामाची आहे. आयोडीन-१३१ थायरॉइडच्या उपचारात वापरतात, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ८ दिवसांचं. मोजणी यंत्रासमोर त्याचा नमुना ठेवला आणि समजा मिनिटाला ४२० खटके आले, ८ दिवसांनी २२०, १६ दिवसांनी १२०. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांचा सरळ भागाकार केला तर अर्धायुष्य निघतं ८.९ दिवस, म्हणजे जवळपास एका दिवसाने चुकलेलं. कारण नमुना उचलून नेला तरी यंत्र मिनिटाला २० खटके देतच राहतं. दगड, माती, भिंती, आकाशातून येणारे विश्वकिरण यांचा तो पार्श्वभूमीचा किरणोत्सार. तो आधी मोजून वजा केला की ४००, २००, १०० उरतात आणि अर्धायुष्य बरोबर ८ दिवसांवर येतं.

बिंदू पुष्कळ असतील आणि प्रत्येकात थोडीथोडी चूक असेल, तर दोन-तीन बिंदू निवडून बाकीचे टाकून देणं उधळपट्टी आहे. अशा वेळी लॉग (१० चा कितवा घात घेतला की ती संख्या येते, तो आकडा). य मधून तळ वजा करा, उरलेल्या उंचीचा लॉग घ्या, आणि तो क्ष समोर मांडा. गुणाकाराची बेरीज करणं हेच लॉगचं काम. त्यामुळे ‘समान पट’ ही ‘समान भर’ होते आणि वक्र सरळ रेष बनतो. आपल्या पाण्याच्या उंच्यांचे लॉग १.८०६, १.६८१, १.५५६, १.४३१ येतात, दर खेपेला ०.१२५ ने कमी. सरळ रेष ओढायला पट्टी पुरते. रेष उभ्या अक्षाला जिथे छेदते तो अ चा लॉग, रेषेचा चढ किंवा उतार हा प चा लॉग. पट्टी सगळ्या बिंदूंच्या अधूनमधून जाईल अशी ठेवली की एखाद्या बिंदूतली चूक बाकीचे सावरून घेतात. संगणक हेच काम लघुतम वर्ग पद्धतीने करतो (बिंदूंच्या रेषेपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल अशी रेष शोधतो), फक्त पट्टीऐवजी गणिताने. २०२० मध्ये महासाथीच्या बातम्यांत १०, १००, १०००, १०००० अशा समान अंतरावरच्या खुणांचे आलेख सगळ्यांनी पाहिले, ते हेच. त्यांत सरळ रेष म्हणजे रुग्ण ठरावीक दिवसांनी दुप्पट होतायत, आणि रेष आडवी पडायला लागली की पट घटतेय.

लॉगच्या आलेखाचा आणखी एक उपयोग आहे, तो मला सगळ्यात आवडतो. तळ चुकीचा धरला असेल तर रेष सरळ येतच नाही, आणि ती कुठे वाकते यावरून चूक कुठल्या बाजूची तेही कळतं. उतरत्या वक्रात तळ खऱ्यापेक्षा खाली धरला (३० ऐवजी शून्य, म्हणजे विसरलोच) तर बिंदू उजवीकडे जाता जाता सपाट होत जातात. तळ खऱ्यापेक्षा वर धरला, समजा ४०, तर शेवटचे बिंदू खाली कोसळायला लागतात, कारण उरलेली उंची खोटी-खोटी शून्याकडे जाते. म्हणजे तळाचा अंदाज करा, लॉग मांडा, वाक बघा, अंदाज थोडा हलवा. दोन-तीन खेपांत रेष सरळ होते. सूत्राची गरजच पडत नाही.

जुन्या गणितज्ञांना याच वक्राचा एक वेगळा गुण दिसला होता. फ्रान्सच्या फ्लोरिमाँ द बोनने १६३८ च्या सुमारास देकार्तला एक कोडं घातलं. ते आजच्या भाषेत असं: असा वक्र शोधा की त्याच्या कुठल्याही बिंदूवर स्पर्शिका काढली, तर ती तळाला जिथे मिळते ते ठिकाण त्या बिंदूच्या बरोबर खालच्या जागेपासून कायम तेवढ्याच अंतरावर असेल. देकार्तला त्याचं नेमकं रूप सांगता आलं नाही. लायबनिझने १६८४ मध्ये आपल्या नव्या कलनाच्या पद्धतीने सोडवून दाखवलं की हा लॉगचा वक्र आहे, म्हणजे आपलाच घातांकी वक्र, अक्ष बदलून पाहिलेला. पाण्याच्या आलेखावर अगदी सुरुवातीला स्पर्शिका काढली तर ती ३० अंशांच्या रेषेला सुमारे ३४.८ मिनिटांनी मिळते. दहाव्या मिनिटाला काढली तर ४४.८ व्या मिनिटाला. अंतर तेच. आणि त्या ३४.८ मिनिटांत पाण्याची तळापासूनची उंची ३६.८ टक्क्यांवर येते, कारण १ ÷ २.७१८ म्हणजे ०.३६८. हे २.७१८ म्हणजे ऑयलरच्या नावाने ओळखली जाणारी ती संख्या. हाताने काढलेली स्पर्शिका जरा हलली की उत्तर हलतं, म्हणून मी ही रीत उत्तर काढायला वापरणार नाही, पडताळायला वापरेन.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या मात्र हे अंतर तोंडी असतं, काल-स्थिरांक म्हणून. १० किलो-ओहमच्या रोधातून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टवर भरायला लावला तर दोघांचा गुणाकार १० सेकंद, आणि १० सेकंदांनी कपॅसिटरवर ७.६ व्होल्ट दिसतात, म्हणजे १२ चे ६३.२ टक्के. इथे वक्र वर चढत चढत १२ च्या रेषेला टेकायला बघतो, म्हणजे आपला ‘तळ’ माथ्यावर आहे आणि अ ऋण आहे: उणे १२. साचा तोच. अशा आलेखात उंची मोजायची ती १२ च्या रेषेपासून खाली.

आता एक खोडसाळ भाग. कधीकधी प्रश्नात साचाच असा दिलेला असतो: य = अ × प^(क्ष − स), अ, प आणि स शोधा. तीन अक्षरं आहेत म्हणून विद्यार्थी तीन बिंदू घेऊन तीन समीकरणं मांडतो आणि पानभर झगडतो. उत्तर येत नाही, कारण ते एकच नाहीच. य = ५ × २^(क्ष − ३) आणि य = २० × २^(क्ष − ५) हे दोन्ही एकच वक्र आहेत. दोन्ही सोडवले की (५/८) × २^क्ष उरतं. घातांकी वक्र उजवीकडे सरकवणं आणि त्याची उंची ठरावीक पटीने कमी करणं या दोन वेगळ्या क्रिया नाहीत, म्हणून अ आणि स ही अक्षरं दोन असली तरी माहिती एकच. तसंच य = अ × प^(क × क्ष) मध्ये प आणि क वेगवेगळे सापडत नाहीत: ४^क्ष म्हणा, २^(२ × क्ष) म्हणा, किंवा २.७१८ चा १.३८६ × क्ष हा घात म्हणा, आलेख एकच. अशा प्रश्नात एक अक्षर आपण ठरवायचं किंवा प्रश्नकर्त्याने ठरवून द्यायचं. तो देत नसेल तर चूक त्याची, तुमची नव्हे, आणि उत्तरपत्रिकेत तसं लिहायला हरकत नाही. पटत नसेल तर वरच्या दोन समीकरणांत क्ष = ५ घालून बघा. पहिल्यात ५ × ४, दुसऱ्यात २० × १, दोन्हीकडे २०. मग क्ष = ०, क्ष = ७, हवा तो घाला.